मुनीम कधी बदलावा

पार्बताकाकूंनी मला खोली भाड्यानं दिली ती माझी ट्रंक स्वतःच्या हातानं उघडून पाहिल्यावरच. ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. सौंसरच्या शाळेत मी नुकतीच लागले होते, पांढुर्ण्याहून रोज बसनं येणं-जाणं झेपेना, म्हणून कुणीतरी हे घर दाखवलं. काकूंनी ट्रंकेतल्या साड्या एका बाजूला सारल्या, पुस्तकं उलटी धरून झटकली आणि म्हणाल्या, "वाईट नको मानू मास्तरीणबाई. पुस्तकात लोकं काहीबाही ठेवते."

काय ठेवतात ते त्यांनी सांगितलं नाही. मला राग आला. मीही काही गरीब गाय नव्हते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेत जांब नदीपलीकडच्या सावरगाववाल्यांवर दगड फेकायचे आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्याच पंगतीला जेवायचं, अशा गावची मी. मी तिथल्या तिथं आगाऊ भाड्याची पावती मागितली. काकूंनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "राह्य," म्हणाल्या, "तुह्यासंग जमन माह्यं."

उंच, काटक बाई. कंबरेला किल्ल्यांचा भला मोठा जुडगा. त्यातल्या अर्ध्या किल्ल्या कुठल्याच कुलपाच्या नव्हत्या. हे मला वर्षभरानं कळलं, तेही त्यांनी सांगितलं म्हणून. "कोनती खरी हाय ते चोराले समजू नये," असं कारण. दूधवाल्यानं माप घालायच्या आधी त्यातलं घोटभर स्वतः प्यायचं, हा त्या दाराचा नियम होता. डॉक्टरनं गोळ्या लिहून दिल्या की काकू बाहेर येऊन कंपाउंडरला वेगळं विचारायच्या, आणि दोघांचं उत्तर जुळलं तर आणखीच घाबरायच्या. त्यांची स्तुती करायची सोय नव्हती. एकदा मी म्हटलं, "काकू, वांग्याची भाजी काय झाली हो तुमची आज!" तर हातातली पळी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काय पायजे तुले?"

नवरा लवकर गेला. मागं संत्र्याचे दोन बगीचे राहिले, आणि नवऱ्यानं सुरू केलेलं एक काम. आजूबाजूच्या ज्या लहान बगीचेवाल्यांना आपला माल एकट्यानं बाजारात नेणं परवडत नसे, त्यांची संत्री काकू आपल्या मालासोबत ट्रकमध्ये घालून पांढुर्ण्याच्या बाजारात नेत, विकत, आणि ज्याचे त्याचे पैसे ज्याला त्याला देत. अशा कामाला मुनीम लागतो. हिशेब लिहायला, आणि त्याहून जास्त सौदा करायला. काकूंचं सगळं आयुष्य या मुनीम नावाच्या माणसावर डोळा ठेवण्यात चाललं होतं.

मुनीम कधी बदलावा याच्या त्यांच्या काही खुणा होत्या. पहिली खूण त्यांना नवऱ्याच्या तेरवीला सापडली. नवऱ्याचा जुना मुनीम त्या दिवशी इतका रडला, की पाहुण्यांनी आधी त्यालाच पाणी पाजलं. काकूंनी डोळे पुसले, पंगत उठू दिली आणि त्याला कामावरून काढलं. मला सांगताना म्हणाल्या, "नवरा माहा गेला, अन् रडून हा राहिला. काहून? माह्याहून जास्त याचं काय गेलं?" पुढं म्हणे त्याच्या बायकोच्या नावावर एक शेत निघालं. निघालं नसतं तरी काकूंनी मत बदललं नसतं.

दुसऱ्याला काढला तो पगार वाढवून मागेना म्हणून. "इतके साल झाले, साखर वाढली, तेल वाढलं, पोरगी लग्नाची झाली. हा तोंड उघडत नाही. मंग याले परवडून कसं राहिलं?" तिसरा कधी सुटी घेत नसे. दिवाळीला नाही, तापात नाही. लोक म्हणत, काय इमानदार माणूस. काकूंनी त्याला जबरदस्तीनं बायकोसकट रामटेकला पाठवून दिलं, आणि तो तिकडं असताना ज्यांचा माल विकला त्या सगळ्यांच्या घरी स्वतः जाऊन आल्या. तो परत आला तेव्हा त्याची सायकल आणि डबा ओसरीवर काढून ठेवलेला होता. चौथ्यानं त्यांना एके दिवशी "माय" म्हटलं. बिचारा. तो मला चांगला वाटायचा.

माझ्या भाच्याचं आता नागपुरात दुकान आहे. अकाउंटंट बदलावा का, असं तो मला विचारतो, तेव्हा मी त्याला या खुणा सांगते. तो हसतो. पण मागच्या खेपेला मी त्याला बायकोला हळूच विचारताना ऐकलं, "अगं, आमचे जोशी सुटी घेतात का गं?"

मग सुखदेवराव आले. तिगावचे, बौद्ध, मॅट्रिक झालेले, एका जिनिंगमध्ये हिशेब शिकलेले. पहिल्याच दिवशी काकूंनी त्यांना चहा दिला तो खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या कपात. त्यांनी कप तसाच परत सरकवला. "काकू, घरातल्या कपात द्या. नाही त चहा नको, काम सांगा." मी दारात उभी होते. मला वाटलं, आता डबा ओसरीवर निघतो. काकू आत गेल्या आणि घरातल्या कपात चहा घेऊन आल्या. मला नंतर म्हणाल्या, "हा मांगून घेते. न मांगनाऱ्यापेक्षा बरा." त्यांच्या शंकेखोरपणानं त्यांच्याकडून एवढं एक चांगलं काम करून घेतलं.

सुखदेवराव दरवर्षी पगार वाढवून मागत, तोही भांडून. बुद्धपौर्णिमेला, जयंतीला, साल्याच्या लग्नाला सुटी घेत. काकूंना चुकूनही माय म्हणत नसत. एकदा काकू नको त्या माणसाला उधार देऊन बसल्या, तर त्यांनी ओसरीवर उभं राहून काकूंनाच झापलं. काकू आत येऊन मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, या मानसात खोट सापडून नाही राहिली." आवाजात आनंद नव्हता. खोट सापडत नाही म्हणजे आपली नजर अधू झाली, अशी त्यांना भीती.

एकच जागा त्यांच्या नजरेच्या बाहेर होती, ती म्हणजे रुमालाखालची. त्या काळी आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. व्यापारी हातावर रुमाल टाकायचा, विकणारा त्याखाली हात घालायचा, आणि बोटं धरून, दाबून भाव ठरायचा. चार बोटं धरली की हजार संत्र्यांना चारशे. बोटांची ही भाषा काकूंना लग्न होऊन आल्यापासून येत होती. पण बाईमाणसानं, तेही विधवेनं, भर बाजारात परक्या पुरुषाचा हात कसा धरायचा? म्हणून हात मुनीमाचा. रुमालाखाली काय भाव लागला ते व्यापाऱ्याला माहीत आणि मुनीमाला. काकूंना मुनीम सांगेल ते खरं, आणि ज्यांचा माल होता त्या बगीचेवाल्यांनाही.

एका वर्षी दिवाळीनंतर, आंबिया बहाराची संत्री उतरत होती तेव्हा, बसस्टँडवरच्या पानठेल्यावर बातमी उठली. सुखदेवरावांच्या हातात दोन भाव असतात म्हणे, एक रुमालातला आणि एक सांगायचा. मधला फरक ते आणि व्यापारी वाटून घेतात. ही बातमी खरी ठरवायला काही लागत नव्हतं, आणि खोटी ठरवायला काही नव्हतंच. मी स्वतः सुखदेवरावांना पांढुर्ण्यात एका व्यापाऱ्यासोबत चहा पिताना पाहिलं होतं. चहा पिणं हा गुन्हा नाही हे मला कळत होतं, तरी मी तो चहा कुणी पाजला याचा विचार करत बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर काकू म्हणाल्या, "मुनीमजी, उद्यापासून येऊ नका."

सुखदेवरावांनी लेखणी ठेवली. "काय चुकलं माह्यं?"

"काही नाही चुकलं."

"लोकं बोलून राहिले म्हून?"

"लोकं बोलतच असते. ते ऐकलं, अन् माह्या मनात पयले काय आलं? का हे खोटं हाय. पाह्यलं नाही, कोनाले पुसलं नाही, अन् खोटं म्हनून मोकळी झाली. अशी मी कधीच नव्हती. भरोसा बसला मले तुमच्यावर. आता तुमाले ठेवनं बरं नाही."

मी हातातली उत्तरपत्रिका तशीच धरून बसले. असलं कारण मी जन्मात ऐकलं नव्हतं. सुखदेवराव उभे राहिले.

"काकू, तुमी काढलेल्या मानसाले सौंसरात, पांढुर्ण्यात कोनी दारात उभं करत नाही. तुमाले माहीत हाय ते. तुमी म्हनान भरोसा, लोकं म्हनतीन चोर. माह्या पोरीले शाळेत म्हनतीन."

काकूंनी वही मिटून आपल्याकडं ओढली. ते गेले.

आणि तसंच झालं. काकूंनी काढला म्हणजे पैसे खाल्लेच असतील, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ज्या बाईनं इतके चोर पकडले ती उगाच कशाला काढेल? सुखदेवराव दोन-तीन ठिकाणी काम मागायला गेले. एकानं पाणी दिलं, काम दिलं नाही.

इकडं माल झाडावर थांबत नाही. नवा मुनीम मिळेपर्यंत संत्री सडली असती. रविवारी मी माहेरी जायला बसमध्ये चढले, तर पुढच्या सीटवर काकू. "बाजारात चालली," एवढंच म्हणाल्या. मी घरी गेलेच नाही, त्यांच्या मागं गेले. व्यापाऱ्यानं नेहमीसारखा हातावर रुमाल टाकला आणि मुनीम कुठं दिसतो म्हणून इकडंतिकडं पाहिलं. काकूंनी पदर खोचला आणि सरळ रुमालाखाली हात घातला.

त्या माणसानं हात मागं ओढला. "माताजी, ये क्या कर रही हो?"

"तुह्या मायचा हात हाय समज, अन् धर."

आजूबाजूचे हमाल थांबले. कुणीतरी हसलं. शरमेनं माझेच कान तापले, काकूंचं मात्र लक्ष त्या रुमालाकडं. त्यांनी त्याचा हात असा धरला, की तो सोडवायचा तर भर बाजारात म्हातारीशी झटापट करावी लागली असती. भाव ठरला. तरी काकू हात सोडेनात. एकदम विचारलं, "मागच्या खेपेले मुनीमजीले काय भाव देल्ला होता?" व्यापारी गडबडला, आणि त्याच्या बोटांनी उत्तर दिलं.

त्या दिवशी काकूंनी असेच आणखी दोन व्यापाऱ्यांचे हात धरले. परतीच्या बसमध्ये कितीतरी वेळ त्या आपल्या तळव्याकडं पाहत होत्या. मग म्हणाल्या, "मुनीमजीनं जे भाव मले सांगितले, तेच निंगाले. तिघायचेबी." मी म्हटलं, तिघंही त्यांना सामील असतील. शंका घ्यायला मी काकूंकडंच शिकले होते. त्यांनी मान हलवली. "मानूस तोंडानं खोटं बोलते, मास्तरीणबाई. बोटाले येवढ्या लवकर खोटं सुचत नाही."

पुढचे पंधरा-वीस दिवस काकूंनी जे केलं ते पाहून मला हसू यायचं आणि मग वाईट वाटायचं. त्या दारोदार सांगत फिरल्या की सुखदेवराव इमानदार माणूस आहे, माझं चुकलं. पानठेल्यावर थांबून सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, देवळात कीर्तन संपल्यावर सांगितलं. आणि सौंसरनं काय केलं? सौंसरनं डोळे बारीक केले. पार्बताबाई कुणाला चांगलं म्हणते? काहीतरी असल्याशिवाय? एक म्हणाला, पैसे दाबून दिले असतील. दुसरा त्याहून घाण बोलला. इतकी वर्षं काकूंनी गावाला एकच गोष्ट शिकवली होती, कुणी फार ग्वाही द्यायला लागला की सावध व्हा. गाव ती नीट शिकलं होतं. बगीचेवाले तर स्पष्टच म्हणाले, "काकू, सुखदेवराव परत आला त आमचा माल दुसरीकडं जाईन."

एका रविवारी त्या मला घेऊन पांढुर्ण्याहून पॅसेंजरनं तिगावला गेल्या. सुखदेवरावांच्या घरी त्यांच्या बायकोनं चहा दिला, काकूंनी तो प्यायला. कप खाली ठेवून म्हणाल्या, "चाला परत."

"येतो," सुखदेवराव म्हणाले. "पन सौदा तुमी करा. ज्याचा हात रुमालात, त्याच्या हातात लेखनी नाही पायजे. तुमी हात घाला, मी लिहितो."

"अन् मी भाव खोटा सांगितला त?"

"म्हनून त मी पुसत जाईन न काकू. व्यापाऱ्यालेबी पुसीन. सगळ्यायसमोर."

काकूंना कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं आता भडकतील. पण त्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं."

हिवाळा सरताना मृग बहाराचा पहिला माल पांढुर्ण्याला गेला तेव्हा सगळे बगीचेवाले सोबत आले. माल देताना त्यांनी अट घातली होती की या वेळी आम्ही स्वतः हजर राहू. ते सुखदेवरावांपासून लांब, घोळक्यानं उभे होते. त्यातला एक मोठ्यानं खाकरून थुंकला. सुखदेवराव वही घेऊन एकटेच पेट्यांजवळ उभे, मान खाली. मी काकूंच्या मागं होते.

काकूंनी रुमालाखाली हात घातला. बरीच ओढाताण झाली, मग व्यापाऱ्यानं मान डोलावली. काकू मागं वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लिहा मुनीमजी. साडेतीनशे."

सुखदेवरावांनी लिहिलं नाही. ते ठरल्याप्रमाणं व्यापाऱ्यापाशी गेले आणि विचारलं. व्यापाऱ्यानं आधी काकूंकडं पाहिलं, मग म्हणाला, "चार सौ. माताजी से चार सौ में बात हुई है."

बगीचेवाल्यांचा घोळका जवळ सरकला. सुखदेवराव काकूंकडं पाहत राहिले. त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्यांनी उघडी वही मिटली.

"काय पाहून राहिले?" काकू ओरडल्या. "काय लागला भाव, सांगा ना या लोकायले!"

"चारशे," सुखदेवराव कसेबसे म्हणाले. "काकू, भाव चारशे लागला. साडेतीनशे नाही."

"असंन," काकू म्हणाल्या आणि पेट्यांच्या आडोशाला जाऊन उभ्या राहिल्या.

मग जे बोलणं सुरू झालं ते मला आजही ऐकू येतं. म्हातारी आम्हाला बुडवत होती. इतके दिवस हीच खात होती आणि नाव मुनीमाचं. सुखदेवरावनं काकूलेबी नाही सोडलं, बापा! मघाशी जो थुंकला होता त्यानंच सुखदेवरावांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "मुनीमजी, वही तुमच्याच हाती राहीन, तरच आमचा माल." त्यांना घोळक्यानं चहाच्या टपरीकडं नेलं. जाता जाता ते सारखे मागं वळून पाहत होते, पण काकू तिकडं बघायला तयार नव्हत्या.

मी आडोशाला गेले. "काकू, चारशेच लागला होता ना? तुम्हाला माहीत होतं."

"चुकली असंन. वय झालं आता."

"तुमची बोटं चुकतात होय?"

त्या खरंच चुकल्या की त्यांनी मुद्दाम केलं, हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. पण माझी खात्री आहे, आणि इतकी खात्री मला आयुष्यात फार थोड्या गोष्टींची आहे.

त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली. त्यामुळं काकू आठवल्या की मला त्या दिवशीची परतीची बस आठवते. बस खचाखच भरलेली. बगीचेवाले दाटीवाटीनं उभे, एक म्हातारा तर दाराच्या पायरीवर लटकत होता. काकू तिसऱ्या सीटवर बसलेल्या आणि त्यांच्या शेजारची जागा रिकामी. कुणी बसत नव्हतं. कंडक्टर दोनदा ओरडला, "अरे भाई, बैठो ना, सीट खाली है!" तरीही कुणी हललं नाही. मी गर्दीतून वाट काढत गेले.

"तू काहून आली इकडं?" काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "तिकडं उभी राह्य. मास्तरीण हायेस तू. लोकं तुलेबी माह्यासारखीच समजतीन."

"समजू द्या," मी म्हणाले आणि बसले.

काकूंनी खिडकीकडं तोंड केलं. मग मला नीट टेकता यावं म्हणून थोड्या सरकून बसल्या.